उस्तादाचा कान आणि शागीर्दाचा मोबाईल

मलकापूरहून नांदुरा, खामगावकडे निघाले की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गॅरेजेस लागतात. पत्र्याचे शेड, बाहेर उघडून ठेवलेले इंजिन, तेलाने काळी झालेली जमीन आणि पाना हातात घेऊन वाकलेला एखादा पोरगा. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा येथेही हेच चित्र आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुस्लिम घरांची रोजी या शेडांतून चालते. शाळेत मन न रमलेल्या मुलाला "उस्तादाच्या हाताखाली टाकणे" हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. वेल्डिंग असो, शिवणकाम असो, गाद्या भरण्याचे काम असो की मोटार दुरुस्ती, हुनर शिकण्याची आपली शाळा तीच.

गेल्या काही वर्षांत या शाळेत एक दुसरा मास्तर येऊन बसला आहे. तो शागीर्दाच्या खिशात असतो. त्याच्यामुळे धंदा सुधारला की बिघडला, यावर दुकानादुकानांतून वाद चालतात. आम्हीही या वादात बऱ्याच वेळा बसलो आहोत. उस्ताद म्हणतात की पोरे आता हात चालवत नाहीत, बोट चालवतात. पोरे म्हणतात की उस्तादांना नवी गाडी कळत नाही. आमच्या मते दोघांचेही म्हणणे निम्मे खरे आहे. दोघांचे पटले नाही तर मात्र नुकसान धंद्याचे आहे, आणि ते सुरू झालेले आहे.

बघ आणि शिक

जुनी पद्धत आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिला हल्ली फार सहज नावे ठेवली जातात. नवा पोरगा आला की पहिले काही महिने तो सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो, चहा आणतो आणि उस्तादाने हात पुढे केला की त्या हातात पाना देतो. दहाचा कोणता आणि बाराचा कोणता हे त्याला कोणी शिकवत नाही. चुकीचा दिला तर बोलणी बसतात, म्हणून तो लवकर ओळखू लागतो. पुढे पंक्चर, ऑईल बदलणे, प्लग साफ करणे, ब्रेक शू, क्लच प्लेट असे करीत काही वर्षांनी त्याला इंजिनाला हात लावू देतात. तोंडी धडा असा नसतोच. "बघ आणि शिक", एवढाच अभ्यासक्रम.

जीन लेव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात, मनरोव्हिया शहरातील शिंप्यांच्या गल्लीत बसून हीच गोष्ट बारकाईने पाहिली. हे शिंपी वाय आणि गोला जमातींचे. त्यांपैकी वाय लोक बहुतांशी मुसलमान आहेत. तेथे शागीर्द प्रथम काय शिकतो? बटण लावणे आणि काठ दुमडून शिवणे, म्हणजे कपड्याचे शेवटचे काम. त्यानंतर मशीनवरची शिलाई आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. कपड्यांचा क्रमही असाच. आधी टोप्या आणि आतले कपडे, आणि भारी सूट अगदी शेवटी. यामागचे कारण कोणताही शिंपी सांगेल. बटण चुकले तर उसवता येते, पण कात्री चुकली तर गिऱ्हाईकाचे कापड गेले. शिवाय आधी तयार कपडा हाताळल्यामुळे बेतण्याच्या वेळी पोराला प्रत्येक तुकडा कोठे बसणार हे ठाऊक असते. लेव्ह बाईंनी १९९१ साली एत्येन वेंगर यांच्यासमवेत यावर पुस्तक लिहिले आणि शिक्षणशास्त्रात त्याची मोठी चर्चा झाली. आपल्या चिखली किंवा शेगावच्या टेलरकडे काज-बटण आणि तुरपाईपासून सुरुवात करणारा पोरगा याच रस्त्याने जातो. तेव्हा ही पद्धत अडाणीपणाची आहे असे मानण्याचे कारण नाही. चूक स्वस्तात व्हावी अशी सोय तिच्यात आधीपासून करून ठेवलेली आहे.

मात्र तिच्यात दोषही होते आणि ते लपवू नयेत. पोर कोवळ्या वयात कामाला लागत असे, मार खात असे, आणि पगार म्हणजे उस्तादाची मर्जी. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात मजुरीस ठेवण्यास बंदी आहे आणि धोक्याच्या कामात १८ वर्षांपर्यंत मनाई आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करण्यापुरती सवलत आहे, पण दुसऱ्याच्या गॅरेजला ती लागू नाही. हे योग्यच झाले. परंतु याचा एक परिणाम असा की आजचा शागीर्द गॅरेजात पाऊल टाकतो तेव्हा तो मोठा असतो आणि मोबाईल वापरण्यात उस्तादाच्या कितीतरी पुढे असतो. गप्प बसून वर्षभर पाने देत राहण्याचे त्याचे वय गेलेले असते.

कानाला न ऐकू येणारा बिघाड

खरा धक्का बसला तो १ एप्रिल २०२० रोजी. त्या दिवसापासून देशभर बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ निघून गेला. त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, हवा आणि धूर मोजणारे सेन्सर आणि या सर्वांना हुकूम देणारा ईसीयू, म्हणजे एक छोटा संगणक आला.

कार्बोरेटरची गाडी उस्ताद कानाने दुरुस्त करीत असे. गाडी चालू करायची, स्क्रू पाव फेरी फिरवायचा, मान तिरपी करून ऐकायचे. गाडी मिस मारते आहे की पेट्रोल जास्त जाते आहे हे तो आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून सांगत असे. हे ज्ञान वीस-वीस वर्षांच्या मेहनतीचे. नव्या गाडीत फिरवायला तो स्क्रूच राहिला नाही. बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत तो दिवाच लांब आणि आखूड उघडझाप करून बिघाडाचा आकडा सांगतो, बाकीच्यांना स्कॅनर जोडावा लागतो. आकडा मिळाला तरी त्याचा अर्थ इंग्रजीत. उर्दू शाळेतून सातवी-आठवीत बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या कारागिराने त्या पडद्यापुढे काय करावे?

येथे शागीर्दाचा मोबाईल कामास आला. २०१६ च्या सप्टेंबरपासून इंटरनेट स्वस्त झाले आणि दुरुस्तीचे व्हिडिओ गॅरेजात पोहोचले. यातील एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हे व्हिडिओ दिल्लीच्या, इंदूरच्या, कधी कधी लाहोरच्या मिस्त्रींनी बोलीभाषेत केलेले असतात, आणि घरी दखनी-उर्दू बोलणाऱ्या आपल्या पोराला ते शब्दन्‌शब्द समजतात. लिहिता येत नसेल तरी मोबाईलला तोंडाने विचारता येते. सोबत्यांना आवाजी निरोप पाठवून "असा असा आवाज येतो आहे, काय असेल?" असे विचारता येते, इतकेच नव्हे तर तो आवाजच पाठविता येतो. कागदाच्या शिक्षणाने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना बोलीच्या वाटेने आत येता आले, ही या यंत्राची मोठीच करामत म्हटली पाहिजे.

आमच्या गाडीची हकीकत

आता दुसरी बाजू. ती आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो.

मोताळ्याहून बुलढाण्याकडे राजूर घाट चढताना आमची मोटारसायकल झटके देऊ लागली आणि पिवळा दिवा लागला. एका गॅरेजात नेली. तेथील तरुण मिस्त्रीने स्कॅनर जोडला. 'पी ०१३०' असा आकडा आला. त्याने मोबाईलवर पाहिले, ऑक्सिजन सेन्सरचा बिघाड. व्हिडिओत एकाने सेन्सर बदलला आणि दिवा विझला, म्हणून यानेही नवा सेन्सर मागवून बसविला. मजुरीसह अडीच हजार रुपये झाले. चौथ्या दिवशी त्याच घाटात तोच दिवा.

दुसऱ्या गॅरेजात उस्ताद वयस्कर होते. स्कॅनर त्यांच्या शागीर्दाने लावला, आकडा तोच निघाला. उस्तादांनी स्कॅनरकडे पाहिलेही नाही. त्यांनी आम्हाला विचारले, "गाडी रात्री कुठे ठेवता?" आम्ही म्हटले, घराच्या पडवीत. "तिथे आणखी काय असते?" तुरीची पोती. ते हसले आणि पोराला म्हणाले, टाकी उचल. टाकीखाली कपलरपासून चार बोटांवर उंदराने वायर कुरतडलेली होती. पोराने मल्टीमीटर लावून ती वायर तुटल्याची खात्री केली, जोड दिला, वर टेप मारली. दीडशे रुपये.

'पी ०१३०' या आकड्याचा अर्थ सेन्सर मेला असा नसून सेन्सरच्या सर्किटमध्ये, म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या साऱ्या वाटेत कोठेतरी गडबड आहे, एवढाच आहे. कोठे, हे शोधणे माणसाचे काम. पहिल्या मिस्त्रीने व्हिडिओ खोटा पाहिला नव्हता. पण व्हिडिओत दुरुस्ती दाखवितात, शोध दाखवीत नाहीत. दोन तास भलतीकडे हुडकण्यात गेले तो भाग कापून टाकलेला असतो. उस्तादाशेजारी बसणारा पोरगा नेमका तोच भाग शिकतो. गिऱ्हाईकाला काय विचारायचे, आधी स्वस्त शंका कशा मिटवायच्या, कोणत्या वेळी हात थांबवायचा. दुसरीकडे हेही खरे की शागीर्दाने आकडा काढला नसता तर उस्तादाला टाकी उचलण्याची गरज कळली नसती. कार्बोरेटरच्या कानाने हा बिघाड ऐकू येत नाही.

काही व्हिडिओ तर सरळ अपायकारक आहेत. बिघाड तसाच ठेवून दिवा तेवढा विझविण्याच्या युक्त्या त्यांत शिकविलेल्या असतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि महिन्याभराने इंजिन घेऊन परत येते. असले काम करणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणत नाही.

तारेचा भाव

निरोप वेगाने येणे आणि निरोपाचा उपयोग होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. खामगावचा कापूस बाजार नावाजलेला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसावर इंग्रजांची नजर गेली. मार्च १८७० मध्ये जलंब ते खामगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तारायंत्रही आले आणि लिव्हरपूलचा भाव खामगावात कळू लागला. कळू लागला तो तारघराशी संबंध असलेल्या पेढ्यांना. गाडीवर कापूस भरून आलेल्या शेतकऱ्याला भाव सांगणारा माणूस समोरचा व्यापारीच.

मोबाईलने हे काही प्रमाणात बदलले याचा भक्कम पुरावा केरळातून मिळाला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात तेथील तारली मासळीचा व्यापार तपासला. समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरात काय भाव आहे हे विचारता येऊ लागल्यावर बंदराबंदरांतील भावाची तफावत घटली आणि मासळी फेकून देण्याची वेळ जवळपास संपली. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. संग्रामपूर, जळगाव जामोदकडील संत्र्याचा सौदा करणारे आपले फळ व्यापारीही आता फोटो पाहून भाव बोलतात. फोटोत साल दिसते, आतला रस दिसत नाही, त्यामुळे माल उतरल्यावर तंटे होतात. म्हणून मुरलेले व्यापारी फोटो कितीही चांगला असला तरी बागेवर आपला माणूस पाठवितात.

ओघात एक सूचना. आता हातगाडीवरही क्यूआरचे कागद लागले आहेत आणि फसवणूकही त्यांच्यामागून आली आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, पिन लागते ती फक्त देण्यासाठी. गिऱ्हाईकाने पैसे पाठविल्याचा फोटो दाखविला तर तो फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम आली का ते पाहावे. घरच्या लहानांकडून एवढे शिकून घेण्यात कमीपणा मानू नये.

चहाच्या वेळच्या गप्पा

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. आपल्या कारागिरांत हुनर लपविण्याची सवय आहे. गाडीचे शेवटचे सेटिंग करताना शागीर्दाला चहा आणायला पाठविणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. भीती अशी की पोरगा शिकला तर समोरच दुकान टाकील. ही भीती अगदीच खोटी नाही, समोर दुकान टाकलेले शागीर्दही आहेत.

परंतु झेरॉक्स कंपनीची हकीकत पाहा. ज्युलियन ऑर हा अभ्यासक १९८० च्या दशकात या कंपनीच्या दुरुस्ती कामगारांबरोबर गिऱ्हाइकांकडे फिरला. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तके दिली होती, अमुक आकडा आला तर अमुक करा, अशी. प्रत्यक्षात पुस्तकाबाहेरचे बिघाड रोज येत. मग हे कामगार नाश्त्याला, जेवणाला एकत्र बसत आणि मशीनच्या गोष्टी सांगत. कोठे काय झाले, आधी काय वाटले, शेवटी काय निघाले. वरवर पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटावा. ऑरने १९९६ साली पुस्तक लिहून दाखविले की दुरुस्तीचे खरे ज्ञान या गप्पांतूनच फिरत होते. पुढे या कंपनीत 'युरेका' नावाची सोय झाली, तिची सुरुवात फ्रान्समधून झाली. एखाद्याला नवी युक्ती सापडली की तो ती लिहून पाठवी, अनुभवी सोबती ती तपासत आणि मग ती सर्वांना संगणकावर मिळे. युक्तीबद्दल पैसे द्यावेत का, असा प्रश्न निघाला तेव्हा कामगारांनी पैशाऐवजी युक्तीखाली आपले नाव असावे हे पसंत केले.

हे वाचून आम्हाला आपल्या गॅरेजांतील चहाची वेळ आठवली. तेथेही हेच चालत असे. आता चहा येतो आणि चौघेजण चार मोबाईलमध्ये मान घालतात. पोराला इंदूरचा मिस्त्री माहीत आहे, पण शेजारच्या शेडमध्ये काल कोणती गाडी अडली होती हे माहीत नाही. राजूर घाटात गाड्या का तापतात, तुरीच्या हंगामात उंदीर वायरिंग का खातात, हे इंदूरचा मिस्त्री सांगू शकत नाही. आणि जे शेवटचे सेटिंग उस्ताद लपवतात त्याचा व्हिडिओ पोराने रात्रीच पाहिलेला असतो. लपविण्यासारखे जे होते ते उघडे झाले. उस्तादाजवळ राहिले आहे ते नुसते पाहून उचलता येत नाही, शेजारी बसवून, विचारू देऊन आणि उत्तर देऊनच दुसऱ्याच्या हातात जाते.

कागदाचा प्रश्न

शिकलेल्या हुनराला कागदाचा आधार नसणे हे दुसरे दुखणे. शासकीय आय.टी.आय. बुलढाण्यास आहे, खामगावलाही आहे. पण मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दहावी पास लागते आणि आपले बरेचसे शागीर्द त्याआधीच गळलेले असतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत. शिंपी, सुतार, लोहार, न्हावी, गवंडी, कुलूप-किल्लीवाले त्यांत आहेत. मोटार मिस्त्री मात्र नाही, याचे आम्हाला नवल वाटते. वय १८ पुरे असावे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. योजनेतील कर्ज व्याजी आहे. ते घेण्याची सक्ती नसून प्रशिक्षण आणि अवजारांचा भाग कर्जाविना घेता येतो, हे पुष्कळ टेलर बांधवांना कोणी सांगितलेले नाही. मोटार मिस्त्रींसाठी, आधीच हुनर असलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. ज्यांचे दहावी राहिले आहे त्यांनी बाहेरून परीक्षेला बसावे. दिवसा गॅरेज आणि रात्री पुस्तक अवघड आहे, पण दहावीनंतर आय.टी.आय. झालेल्या पोराला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे दार उघडते. नुसते व्हिडिओ पाहून ते उघडत नाही.

आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या त्या उस्तादांच्या शेडमध्ये खिळ्याला दोनशे पानी वही टांगलेली होती. पैसे देताना आम्ही ती चाळली. प्रत्येक पानावर तारीख, गाडी, आकडा, गिऱ्हाईक काय म्हणाले, आधी काय वाटले, शेवटी काय निघाले आणि ज्याने शोधले त्याचे नाव. उस्ताद उर्दूत सांगतात, पोर मराठी शाळेतले म्हणून देवनागरीत उतरवून घेते. आठवड्याला त्या पानांचे फोटो काढून ते गावातील इतर चार गॅरेजांना पाठवितात आणि त्या चौघांकडूनही तशीच पाने येतात. आमच्यादेखत त्या दिवसाची ओळ लिहिली गेली. आकडा पी ०१३०, वाटले सेन्सर, निघाला उंदीर. नावाच्या जागी पोराने उस्तादांचे नाव लिहिले होते. उस्तादांनी पेन घेतले आणि त्याच्या आधी पोराचे नाव घातले.